टपाची जीप

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी तीन-चार विषय कागदावर लिहून पाहिले होते. मराठीचा विद्यार्थी म्हणून एखाद्या कादंबरीवर लिहावे, असे प्रथम वाटले. परंतु त्या दिवसांत माझ्या नखांतले काळे ग्रीस काही केल्या निघत नव्हते. वही उघडली की पानावर बोटांचे ठसे उमटत. बाकावर शेजारी बसणारा मित्र म्हणाला, "तू बी. ए. करतोस का आय. टी. आय.?" त्याच्या या थट्टेनेच मला विषय दिला. तेव्हा वाचकहो, हा लेख एका गंजलेल्या जीपविषयी आहे. ती दुरुस्त करताना जे समजले, ते जमेल तसे सांगतो.

आमचे गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसविलेल्या गावांपैकी ते एक. सरळ रस्ते आणि सारख्या घरांच्या रांगा. आमच्या शेजारच्या घरात अण्णा आणि काकू राहतात. त्यांचा मोठा मुलगा पुण्याला नोकरीस आहे. अण्णांच्या दारात, गोठ्याच्या भिंतीला लागून, लिंबाच्या झाडाखाली ही जीप मी समजू लागल्यापासून उभी होती. २०११ च्या सुमारास ती उभी राहिली ती राहिलीच. लहानपणी आम्ही तिच्यात बसून तोंडाने आवाज काढीत पुण्या-मुंबईला जाऊन येत असू. पुढे टपाची ताडपत्री फाटून गेली, बैठकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि तळाच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून गवत वर आले. गेल्या वर्षी भंगारवाला येऊन किलोच्या भावाने मागून गेला. मुलाने फोनवरून "देऊन टाका" म्हणून सांगितले. अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन मला म्हणाले, "तुला इंग्रजी वाचता येतंय न्हवं? मग ह्ये बघ जरा." त्यांच्या हातात पिवळ्या पडलेल्या पानांचे एक माहितीपुस्तक होते. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीतला कोणताही कागद, मग तो औषधाचा असो की बँकेचा, गल्लीतून फिरत शेवटी माझ्याकडे येतो. मी पुस्तक घेतले आणि त्यासोबत जीपही गळ्यात पडली!

ही जीप म्हणजे महिंद्रची 'सीजे थ्री बी'. मूळ गाडी अमेरिकेची. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दाखविला. पण मोठ्या प्रमाणावर गाड्या बनविण्याचे काम विलीज आणि फोर्ड या कंपन्यांना मिळाले. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या होत्या. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने एक कंपनी निघाली. तिच्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलले. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडण्याचे काम याच कंपनीने सुरू केले. थ्री बी हा नमुना अमेरिकेत १९५३ साली आला आणि साठच्या दशकात बंदही झाला. आपल्याकडे मात्र तो पुढे पुष्कळ वर्षे निघत राहिला. त्याचे बॉनेट जरा उंच आणि नाकाड दिसते. त्याचे कारण आत आहे. जुन्या जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. त्यामुळे शक्ती वाढली, इंजिन उंच झाले, आणि म्हणून झाकणही उंच करावे लागले.

अण्णांच्या जीपच्या कागदावर १९७२ साल आहे. ही तेव्हा एका सरकारी खात्याची गाडी होती. ७२ च्या दुष्काळाची कामे आमच्या भागात चालू होती, आणि माझी आजी तेव्हा खडी फोडायला जात असे. "सायबाची जीप लांबून धुरळा उडवीत आली की मुकादम वरडायचा, हात चालवा म्हणून," असे ती सांगते. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणीत असे. ती जीप हीच की दुसरी, हे आजीला सांगता येत नाही. तिला सगळ्या जीपा सारख्याच. पुढे खात्याने लिलाव केला तेव्हा १९८६ साली अण्णांनी एक बैलजोडी विकून आणि वर उसने पैसे घेऊन ही जीप घेतली. काकू अजून म्हणतात, "बैलं तरी कडबा खाऊन राबत होती. ही पेट्रोल पिऊन बी दारातच."

दुरुस्तीसाठी आम्ही तीन माणसे होतो. अण्णा, मी आणि मिस्त्रीचाचा. चाचांनी सारा जन्म ट्रॅक्टर आणि इंजिने दुरुस्त करण्यात घालविला. आता डोळ्यांना नीट दिसत नाही; पण आवाजावरून आणि बोटांनी चाचपून त्यांना सर्व समजते. पहिल्या दिवशी मी उत्साहाने पाना घेऊन बोल्टांना भिडलो आणि दोन बोल्ट मोडले. चाचा म्हणाले, "बेटा, जल्दी मत कर. लोहा भी सुनता है, तेल पिला और कल आ." गंजलेल्या बोल्टावर तेल आणि रॉकेल घालून रात्रभर ठेवायचे, सकाळी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोकायचे आणि मग पाना लावायचा, हा पहिला धडा. आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित फिरवायचे आणि मगच सैल करायचे, हा दुसरा.

आता मुख्य प्रश्न गंजाचा. माझा समज असा होता की गंज म्हणजे कोकणातली गोष्ट. आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखात लोखंड कसे गंजेल? बी. एस्सी. करणाऱ्या एका मित्राला हे विचारले. त्याने सांगितले ते मला समजले तसे असे : लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की पत्र्याच्या एका ठिकाणचे लोखंड झिजू लागते, दुसऱ्या ठिकाणी प्राणवायू आपले काम करतो, आणि या दोन ठिकाणांना जोडणारा पूल म्हणजे ओल. ओलीत क्षार मिसळला की हा व्यवहार फार वेगाने चालतो. पाऊस किती पडतो याला महत्त्व कमी. ओल एका जागी किती दिवस टिकते, याला जास्त. आमच्या जीपची गोष्ट याच नियमाने उलगडली. उजव्या बाजूचा पत्रा उन्हात असे, तो चौदा वर्षांत फक्त वरवर तांबडा झाला होता. डावी बाजू गोठ्याच्या भिंतीकडे. तेथे जनावरांच्या मुताचे शिंतोडे उडत, आणि मुतात क्षार भरपूर. तो पत्रा पापडासारखा हातात आला. तळाचा पत्राही वरून जेवढा वाईट दिसत होता त्याहून खालून वाईट होता. कारण टप गेल्यावर पावसाचे पाणी आत पडे, ते बैठकीच्या काथ्यात आणि रबरी चटईखाली दिवसेंदिवस मुरे. तळाखालच्या आडव्या पट्ट्यांत जुनी माती घट्ट बसली होती. ती माती उन्हाळ्यातसुद्धा आतून गार लागे. थोडक्यात, उघड्या गाडीला पावसाने जेवढे खाल्ले नसते, तेवढे तिला चटईने आणि मातीने खाल्ले होते.

गंजाची दुसरी खोडी अशी की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतील तर मधला गंज फुगून त्यांना फाकवितो. बोल्ट अडकतात, दाराची बिजागरी हलत नाही. आणि तो सच्छिद्र असल्यामुळे खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही, उलट ओल धरून ठेवतो. त्यावर नुसता रंग मारला तर तो आत वाढतच राहतो. हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही तीच चूक केली. एका रविवारी घाईघाईने तारेचा ब्रश फिरवून मागच्या फळीवर रेडऑक्साइड फासले. पंधरा दिवसांत रंगाला फोड आले. चाचांनी बोटाने एक फोड फोडून दाखविला. आत तांबडी भुकटी. ते काही बोलले नाहीत. ती फळी मी पुन्हा पहिल्यापासून घासली.

लहान भागांसाठी मित्राने एक युक्ती सांगितली आणि ती मला सर्वांत आवडली. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. बॅटरी चार्ज करण्याच्या यंत्राची ऋण तार गंजलेल्या भागाला जोडायची, आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. दोन्ही पाण्यात बुडवायचे, पण एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. वीज सुरू केली की गंजलेल्या भागावरून बारीक बुडबुडे निघू लागतात, गंज सुटतो आणि वर घाण तवंग जमतो. त्या बाजूची टाकाऊ पट्टी मात्र खात जाते. दोन गोष्टी सांभाळायच्या. टाकाऊ पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, कारण त्यातले क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होते. आणि हे काम उघड्यावर करायचे, कारण बुडबुड्यांतला वायू हायड्रोजन असतो. त्या रात्री काकूंनी अण्णांना बीडीसकट पिंपापासून दहा हात लांब बसविले. सकाळी दाराची बिजागरी, ब्रेकचे पेडल आणि टपाच्या नळ्यांच्या खुंट्या काळ्याभोर होऊन निघाल्या. ब्रश मारताच खालचे करडे लोखंड दिसले. पण ते लगेच कोरडे करून रंगवावे लागते. मी चहाला गेलो आणि परत येतो तो बिजागरीवर पुन्हा तांबूस छटा!

जेथे घासता येत नाही अशा कोपऱ्यांसाठी दुकानात एक औषध मिळते. ते लावले की तांबडा गंज निळसर काळा होऊन घट्ट बसतो. त्यात टॅनिक आम्ल असते. पूर्वी पोथ्या लिहिण्याची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून करीत. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकसातले लोखंड मिळून तो काळा रंग येतो. म्हणजे आमच्या मराठी विभागाचा आणि अण्णांच्या जीपचा अगदीच संबंध नाही, असे नव्हे.

इंजिन जाम झाले होते. चाचांनी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतले आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी रेडिएटरखालच्या भोकातून लोखंडी हँडल घातले. हँडल मारण्याचीही रीत आहे. अंगठा बोटांच्या समोरच्या बाजूने गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. दोन दिवस ते तसूभरही हलले नाही. तिसऱ्या दिवशी अर्धा फेरा फिरले, आणि चाचांनी आकाशाकडे पाहून हात जोडले. पेट्रोलची टाकी या जीपमध्ये चालकाच्या बैठकीखालीच असते. ती तळाला गळत होती. मी म्हटले, रिकामीच आहे, वेल्डिंग करून घेऊ. त्यावर चाचा पहिल्यांदा रागावले. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची; आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते, एक ठिणगी पुरे. आम्ही सोलापूरहून दुसरी टाकी आणली.

माझ्या इंग्रजीचा उपयोग झाला तो डाव्या चाकांच्या वेळी. उजवी चाके निघाली. डावे चाक मात्र दोघांनी पान्यावर उभे राहूनही सुटेना. नळीचा तुकडा लावून पाना लांब केला, तरी नाही. तेव्हा पुस्तक काढून बसलो. एका ओळीत लिहिले होते की डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे आहेत. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून तशी योजना. म्हणजे आम्ही तासभर नट घट्ट करीत होतो! अण्णा इतके हसले की त्यांना खोकला आला. "पंचवीस वर्सं चालवली मी, चाक नेहमी पंक्चरवाला काढायचा," असे म्हणाले.

ब्रेकचे काम मात्र नीरस आणि खर्चाचे निघाले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि नळ्या आतून गंजतात, एवढे सांगून ते सोडतो. चारही चाकांचे सिलिंडर नवे घालावे लागले.

याच सुमारास कागदांचा प्रश्न उभा राहिला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी पंचवीस नंबरचा फॉर्म. तो मी भरला. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, आणि त्यानंतरही जुन्या गाड्यांसाठी ते वाढतच गेले आहे. शिवाय पर्यावरण कर. कोणीतरी सुचविले की पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' असा वेगळा नियम झाला आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नोंदणी दहा वर्षे चालते, पहिल्यांदा वीस हजार रुपये भरावे लागतात. मी तो नियम वाचून अण्णांना सांगितला. प्रदर्शनाला, मिरवणुकीला, दुरुस्तीला किंवा तेल भरायला नेता येईल. रोजच्या वापराला नाही. अण्णांनी विचारले, "शेताकडं नेता येईल का?" मी म्हटले, नाही. "मग ठेवा तुमचं व्हिंटेज," ते म्हणाले. मला त्यांचे म्हणणे पटते. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांच्यासाठी तो नियम ठीक आहे. अण्णांना जीप जपायची नव्हती, चालवायची होती. जुन्या गाड्या धूर जास्त सोडतात, हेही खरेच. त्या बाबतीत माझ्याजवळ उत्तर नाही.

अण्णांनी ती भंगारात का दिली नाही, हे मला उशिरा कळले, आणि तेही अण्णांकडून नव्हे. माझे वडील कमी बोलतात. संध्याकाळी कामावरून आले की ते दुरून आमचे काम पाहत आणि घरात जात. एके दिवशी मी मागच्या बाकाचा पत्रा घासत होतो. ते जवळ आले आणि बाकाखालच्या लोखंडी पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "ह्याला धरून होतो मी." ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमच्या जुन्या गावात माळवदाची घरे होती. दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचे जड छत. ती घरे झोपलेल्या माणसांवर बसली. वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचा पाय तुळईखाली सापडला होता. अण्णांनी जीपचा टप फाडून काढला, कारण टप असता तर जखमींना मागच्या अरुंद बाजूनेच चढवावे लागले असते. उघड्या जीपमध्ये चारही बाजूंनी उचलून ठेवता आले. काच बॉनेटवर पाडली आणि तिच्यावरही एक जण आडवा घेतला. पाऊस चालू होता. वडिलांच्या शेजारी त्यांची धाकटी बहीण होती. उमरग्याला पोहोचेपर्यंत ती गेली होती. ती मला आत्या लागली असती. तिचे नाव घरात कोणी काढत नाही, म्हणून मीही येथे लिहीत नाही. अण्णांनी त्या दिवशी किती खेपा केल्या, हे त्यांनाही आठवत नाही. संध्याकाळी पेट्रोल संपले तेव्हा थांबले, एवढेच ते सांगतात.

हे सांगून झाल्यावर वडिलांनी माझ्या हातातला पॉलिश पेपर घेतला आणि ती पट्टी स्वतः घासली. नंतर ते रोज तासभर येऊ लागले.

जीप माघ महिन्यात सुरू झाली. प्लग नवे, पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून, मध्ये वीस थाऊचे फिलर गेज घालून बसविले, कार्बोरेटर तीन वेळा खोलला. बॅटरी जुनी असल्यामुळे सेल मारून काही झाले नाही. शेवटी हँडलच मारले. सातव्या-आठव्या वेळी इंजिन दोनदा खोकले, सायलेन्सरमधून उंदरांनी भरलेला भुसा उडाला आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. मग ते लागले. चाचांनी बॉनेटवर कान ठेवून सांगितले की तिसरा सिलिंडर उशिरा बोलतो आहे. काकूंनी नारळ फोडला आणि लगेच विचारले, पेट्रोल किती लागले.

तपासणी अजून व्हायची आहे. हँडब्रेक धरत नाही, आणि डाव्या बाजूचा नवा पत्रा बसविला तरी त्याला लांबी भरून रंग द्यायचा राहिला आहे. गोठ्याच्या भिंतीपासून मात्र जीप हलविली. आता ती आमच्या दारासमोर, उन्हात उभी असते. टपाची ताडपत्री उमरग्याला शिवायला दिली आहे. अण्णांनी शिवणाऱ्याला बजावून सांगितले आहे की टप झटकन काढता आला पाहिजे, बकले नकोत, दोरीच ठेव.